चिकटलेली कव्हरं: जुन्या एटीव्हीच्या इंजिनच्या नोंदी

७ फेब्रुवारी, शनिवार

गाडी शेडमधून ओढून बाहेर काढली. तीन चाकं फिरली, चौथं फरफटत आलं. १९८० च्या दशकातली जपानी बनावटीची एटीव्ही आहे, म्हणजे कच्च्या वाटांवर चालवायची चार चाकांची मोटारसायकलच. एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, एअर-कूल्ड, दोरी ओढून चालू करायची. तक्रारी दोन. दोरी ओढली की डावीकडून आत काहीतरी खरवडल्यासारखा आवाज येतो. आणि डिपस्टिकवर ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसतं, म्हणजे आत पाणी गेलंय. दोन्हींसाठी इंजिनची बाजूची कव्हरं उघडण्यावाचून गत्यंतर नाही. त्यांच्यासोबत दोरीचं कव्हर आणि वरची टॅपेटची (व्हॉल्व्हपर्यंत पोचायची) झाकणंही आलीच.

काल रात्री वहीत लिहून ठेवलं होतं: 'कव्हरं उघडणे, एक दिवस.' ते खोडत नाही. राहू दे.

आज एकही स्क्रू फिरवला नाही. फक्त धुलाई. स्क्रूच्या डोक्यांवर वाळलेला चिखल दगडासारखा घट्ट झालाय. ब्रशने तो नुसता गुळगुळीत होतो, निघत नाही. दाभण घेऊन एकेक खाच कोरून काढली. हे काम कंटाळवाणं आहे, पण खाचेच्या तळाशी चिमूटभर माती राहिली तरी स्क्रू ड्रायव्हर पूर्ण खाली बसत नाही आणि पहिल्याच पिळाला डोकं सोलून निघतं.

ऑइल काढलं. आधी अर्धा कप नुसतं पाणी आलं, मग कॉफीच्या रंगाचा चिकट फेस. ड्रेन बोल्टच्या टोकाला करडी पेस्ट.

एका पुठ्ठ्यावर उजव्या कव्हरचा आकार काढला, दुसऱ्यावर डाव्याचा. जिथे स्क्रू तिथे भोक. काढलेला स्क्रू त्याच भोकात खोचून ठेवायचा, कारण लांबी सगळ्यांची सारखी नसते. आखूड जागी लांब स्क्रू बसवला की तो भोकाच्या तळाला टेकतो; पिळला जातो, पण कव्हर दाबत नाही. उजवीकडे १० स्क्रू, डावीकडे ८. सगळ्यांच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल (गंजाच्या फटीत मुरणारं पातळ तेल) सोडलं आणि झाकून ठेवलं.

८ फेब्रुवारी, रविवार

सोप्यापासून सुरुवात केली. दोरीचं कव्हर चार बोल्टांवर. तीन निमूट निघाले, चौथा गोलगोल फिरत राहिला, पण बाहेर येईना. कव्हरखाली चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून थोडा वरचा ताण दिला आणि तसाच ताणत फिरवला, तेव्हा आट्यांनी धरलं. आत उंदराचं घरटं. सीटचा फोम, कसल्याशा बिया, कापसासारखं काहीतरी. घरमालक नव्हते.

टॅपेटची झाकणं मात्र अडली. अॅल्युमिनियमची, षटकोनी डोक्याची. आधीच्या कुणीतरी पक्कड लावून कोपरे गोल केलेत. अशा डोक्यावर बारा कोनी सॉकेट लावला की उरलेसुरले कोपरेही जातात. सहा कोनीच हवा, तो कोपऱ्यांवर नाही तर सपाट बाजूंवर दाब देतो. सॉकेटच्या तोंडाला आतून जो उतार असतो, तो ग्राइंडरवर घासून काढला. झाकणाचं डोकं बुटकं, त्या उतारातच निम्मी पकड वाया जात होती.

तरीही हलेना. अशी झाकणं बहुतेक वेळा आट्यांत अडकत नाहीत. खालची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, वर्षानुवर्षं तापून प्लास्टिकसारखी कडक होते आणि दोन्ही बाजूंना डकते. हीट गन धरली, झाकणाभोवती पाण्याचा थेंब चुरचुरेपर्यंत. मग सॉकेटवर हातोडीने दोन ठोके सरळ खाली, आणि मग पाना. एक्झॉस्टकडचं झाकण 'टक्' करून सुटलं. तो आवाज ओळखायला शिकायला हवा. सुटताना येतो तो कोरडा, छोटा असतो. तुटताना येतो तो जरा मऊ असतो, आणि त्याच्या आधी पाना हाताला रबरासारखा लागतो. रबर लागलं की थांबायचं.

दुसरं झाकण तीन वेळा तापवल्यावर निघालं.

११ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळचे दोन तास मिळाले. डावं कव्हर, म्हणजे मॅग्नेटचं.

स्क्रू सगळे अधिक चिन्हाच्या खाचेचे. हे दिसायला फिलिप्ससारखे असले तरी फिलिप्स नाहीत. जपानी गाड्यांवर जपानी मानकाचे, म्हणजे जेआयएसचे स्क्रू असतात. त्यांतल्या पुष्कळांच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. फिलिप्सचा बिट त्यांत पूर्ण खाली बसत नाही. जोर लावला की वर चढतो, आणि चढताना खाच कुरतडतो. जुन्या जपानी इंजिनांवर सोललेली जी डोकी दिसतात, त्यांतली निम्मी गंजामुळे नव्हे, चुकीच्या बिटामुळे गेलेली असतात असं माझं मत आहे. हा बिट बदलल्याचा फरक आज पहिल्याच स्क्रूला हाताला कळला.

हत्यार: हाताने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. मागून हातोडीचा ठोका बसला की तो बिटाला खाली दाबतो आणि त्याच क्षणी थोडं फिरवतो, त्यामुळे बिटाला वर चढायला सवड मिळत नाही. दिशा उलटी लावली नाही ना, हे दर वेळी तपासायचं. पहिला ठोका मी घट्ट करण्याच्या दिशेने मारला. (योगायोगाने तेही बरंच झालं. किंचित घट्ट केल्याने गंजाचा धर मोडतो आणि मग स्क्रू सैल करणं सोपं जातं. पण ठरवून केलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.)

खाचा थोड्या झिजलेल्या होत्या, तिथे बिटाच्या टोकाला व्हॉल्व्ह घासायची लॅपिंग पेस्ट बोटभर लावली. तिच्यातल्या खरीमुळे बिट खाचेत रुततो. काम झाल्यावर पुसून टाकायची. ती इंजिनात गेली तर बेअरिंगची वाट लागलीच समजा.

आठांपैकी सात निघाले. आठवा, मागचा खालचा, चिखल सगळ्यात जास्त बसतो तिथला, त्याचं डोकं पार वाटीसारखं झालं. त्याच्याशी झटापट न करता डोकंच उडवायचं ठरवलं. मधोमध पंच मारला, आधी ३ मिमी, मग ६.५ मिमीचं ड्रिल. स्क्रू ६ मिमीचा आहे. डोक्याची जाडी संपली की डोकं अंगठीसारखं ड्रिलवर चढून येतं. आलं. या उपायाची गंमत अशी की डोकं गेलं की स्क्रूवरचा ताणच जातो. कव्हर निघाल्यावर मागे पक्कडीत धरता येईल असा दांडा उरतो, आणि तो पुष्कळदा सहज फिरतो.

आता कव्हर निघायला हवं. निघालं नाही. उशीर झाला होता, दिवा बंद केला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

डावं कव्हर निघालं. अडण्याची कारणं दोन होती आणि चिकटण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

पहिलं: दोरीची वाटी. दोरीचं कव्हर काढल्यावर आत जी खाचांची वाटी दिसते, ती फ्लायव्हीलला (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाला) बोल्टने घट्ट असते आणि कव्हरच्या भोकातून बाहेर आलेली असते. वाटी भोकाहून मोठी. ती न काढता कव्हर ओढणं म्हणजे शर्टाचं बटण न सोडता शर्ट काढणं. बुधवारी मी नेमकं तेच करत होतो.

दुसरं: चुंबक. वाटी काढल्यावर कव्हर चार-पाच मिमी पुढे आलं आणि हात सोडताच 'ठक्' करून परत जाग्यावर. पहिल्यांदा दचकलोच. स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी वायरीची वेटोळी, कव्हरला आतून बसवलेला, फ्लायव्हीलमध्ये कायमचे चुंबक. ते स्टेटरला धरून ठेवतात. याची ओळख सोपी आहे. गंजाने धरलेलं कव्हर हलतच नाही. चुंबकाने धरलेलं कव्हर येतं आणि परत जातं. इथे हातोडी नको. दोन्ही हातांनी सरळ रेषेत, न थांबता ओढायचं, आणि बोटं कडेला ठेवायची, कव्हरच्या मागे नाही. माझं डाव्या हाताचं एक बोट मागे होतं. नख काळंनिळं झालंय.

खरवडीचा आवाज कुठून येत होता तेही कळलं. चुंबकाला स्प्रिंग वायसरचा एक तुटका तुकडा आणि गंजाच्या खपल्या चिकटल्या होत्या. स्टेटरच्या एका दाताला चकचकीत ओरखडा पडलाय. वायरीचं वेटोळं शाबूत. हा वायसर या इंजिनातला नाहीच. कधीकाळी कुणी हे कव्हर उघडलं होतं आणि बंद करताना आत बघितलं नव्हतं.

उरलेला दांडा: २० मिमी बाहेर. मुळाशी हीट गन, लॉक होणारी पक्कड, पाव वळसा पुढे, पाव मागे. दहा मिनिटांत हातात.

१५ फेब्रुवारी, रविवार

उजवं कव्हर. क्लचचं. आजचा दिवस वाईट.

दहा स्क्रूंपैकी आठ इम्पॅक्ट ड्रायव्हरने निघाले. नववा आट्यांसकट बाहेर आला, म्हणजे स्क्रूवर अॅल्युमिनियमची स्प्रिंग गुंडाळलेली दिसली. दहावा तुटला. रबर लागलं होतं. थांबलो नाही.

मग कव्हर. प्लास्टिकच्या हातोडीने चारही बाजूंनी ठोकलं. ढिम्म. गॅस्केटच्या (तेल झिरपू नये म्हणून कव्हरखाली घालायच्या पातळ पट्टीच्या) फटीतून लाल सिलिकॉनचे गोळे बाहेर आलेले दिसतात, तेव्हा म्हटलं यानेच धरलंय. ब्लेडने कडेकडेने कापलं. ढिम्म. कव्हरला पुढे आणि मागे ओतकामातच एकेक कान दिलेला आहे, त्यांवर लाकडी ठोकळा ठेवून ठोकलं. पुढची बाजू केसभर उघडल्यासारखी वाटली, मागची नाही.

एक तास झाला, दीड झाला. आणि मग जे करायचं नाही हे मला पंधरा वर्षं माहीत आहे, ते केलं. चपटा स्क्रू ड्रायव्हर मागच्या फटीत ठेवला आणि हातोडी मारली.

कव्हर हललं नाही. स्क्रू ड्रायव्हर मात्र आत गेला. क्रँककेसच्या, म्हणजे कव्हर ज्यावर बसतं त्या इंजिनच्या मुख्य पेटीच्या, पृष्ठावर चार मिमी लांबीची खोक पडली, कडेला धातू वर उचलला गेला. अॅल्युमिनियम लोण्यासारखं असतं हे वाक्य मी इतरांना ऐकवतो.

हत्यारं न आवरता घरात गेलो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काम नाही. फक्त ऑइल सोडलं आणि विचार केला.

पोलादाचा स्क्रू अॅल्युमिनियममध्ये, मधे ओलावा: दोन वेगळे धातू आणि खारट पाणी म्हणजे छोटी बॅटरीच. त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम, आणि त्याची जी पांढरी भुकटी तयार होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते. भोकातच फुगते. म्हणून अशी जोडणी तेलाने नुसती 'ओली' करून भागत नाही, त्या भुकटीला तडा जायला हवा. तडा जातो ठोक्याने किंवा उष्णतेने. अॅल्युमिनियम एक अंश तापलं की मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद सुमारे १२. हिशेब केला: ६ मिमीचं भोक, दोन्ही १०० अंशांनी तापले, तर फरक सात मायक्रॉनच्या आत. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका. एवढ्याने जागा मोकळी होत नाही, पण भुकटी तडकते आणि तेलाला वाट मिळते. तापवायचं, थंड होऊ द्यायचं, तेल, पुन्हा तापवायचं. फेऱ्या महत्त्वाच्या, आच नव्हे.

एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मे-निम्मे करून जे मिश्रण वापरतात ते माझ्याकडे आहे. ते नीट मिसळत नाही, दर वेळी हलवावं लागतं, आणि अॅसिटोन भडकतं. हीट गनच्या दिवशी ते बाटलीत बंद.

मामांना फोन केला. आयुष्यभर फिटर होते. म्हणाले, "शनिवारी येतो. तोवर हात लावू नकोस."

२१ फेब्रुवारी, शनिवार

मामा आले, पण पेटीही उघडली नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली, स्क्रू ड्रायव्हरची खोक बघितली, काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

"किती स्क्रू काढलेस?"

"दहा. एक तुटलाय, पण डोकं गेलंय त्याचं, म्हणजे तो धरत नाही."

"आणि आहेत किती?"

"दहाच, मामा. पुठ्ठ्यावर मांडलेत बघा."

"पुठ्ठा तू काढलास. नवीन गॅस्केट आणलंयस ना? ते दे."

गॅस्केटचं पाकीट गेले दोन आठवडे टेबलावर पडून होतं. मामांनी ते फोडलं, गॅस्केट कव्हरच्या बाहेरून तसंच धरलं, आणि बोट ठेवत मोजू लागले. स्क्रूची भोकं वेगळी, डॉवेलची दोन मोठी भोकं वेगळी. नऊ, दहा, अकरा.

अकरावं भोक मागे, ब्रेक पेडलच्या बुडख्याच्या आड. तिथे कव्हरवर काहीच दिसत नव्हतं, सपाट काळा रंग. मामांनी दाभण टोचलं. रंगाची खपली उडाली, आतून माती आली, अजून माती, आणि बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर स्क्रूचं डोकं. चिखल भरलेल्या खळग्यावर कुणीतरी न धुता स्प्रे मारला होता.

तो स्क्रू दोन ठोक्यांत निघाला. गंजलेलाही नव्हता.

माझी खोक बरोबर त्याच्या बाजूलाच आहे. म्हणजे मी हातोडी मारत होतो, आणि बोटभर अंतरावर स्क्रू कव्हरला घट्ट धरून बसला होता.

तरीही कव्हर आलं नाही, पण आता मागची बाजू सुटली आणि पुढची अडली. मामांनी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पट्ट्या, मागितलं. मागे ०.८ मिमी फट, पुढे ०.१५ सुद्धा जाईना. "आता याला तिरकं ओढलंस तर संपलं," म्हणाले. कव्हर आणि केस एका रेषेत राहावेत म्हणून दोन पोकळ डॉवेल असतात, पातळ पोलादी नळ्या. पुढची नळी गंजून कव्हरच्या भोकात रुतली आहे, हे त्या दोन आकड्यांतच दिसत होतं. कव्हर तिरपं झालं की नळी भोकात करकचून बसते, ड्रॉवर एका बाजूने ओढल्यावर अडकतो तसं. जितकं ओढाल तितकं घट्ट.

म्हणून मामांनी सगळ्यात आधी कव्हर परत बसवलं. मागची बाजू ठोकून पुन्हा बंद केली. हे मला सुचलं नसतं. आठवडाभराची सगळी कमाई हातोडीच्या तीन ठोक्यांत परत.

मग आच देण्याआधी चाचणी: कव्हरच्या खरवडलेल्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब. जुन्या ऑफ-रोड गाड्यांची काही कव्हरं मॅग्नेशियमची असतात. मॅग्नेशियम असलं तर थेंब लगेच फसफसतो, आणि त्याच्या किसाजवळ ज्योत नेणं म्हणजे संकट. थेंब शांत पडून राहिला. अॅल्युमिनियम. पेट्रोलची टाकी शुक्रवारीच काढून ठेवली होती. छोटा गॅस टॉर्च, ज्योत सतत फिरती, फक्त पुढच्या डॉवेलच्या भोवती. एका शाफ्टचं ऑइल सील जवळच आहे, त्यावर ओलं फडकं. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत अॅल्युमिनियमवर खोटं, खूपच कमी तापमान दाखवतं, म्हणून पाण्याचा थेंबच. थेंब चुरचुरून उडाला, ज्योत बाजूला.

मग लय. मामा पुढच्या कानावर, मी मागच्या, लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके, आळीपाळीने. दर आठ-दहा ठोक्यांनी थांबून फीलर गेज. मागे ०.२, पुढे ०.१. मागे थांब, पुढे मार. दोन्हीकडे ०.३. पुन्हा आच, पुन्हा तेल. ०.५, ०.५. एका क्षणी ठोक्याचा आवाज बदलला, भरीव होता तो पोकळ झाला. "आलं," मामा म्हणाले आणि हातोडी खाली ठेवली. पुढचं दोन्ही हातांनी, डुलवत.

कव्हर मांडीवर आलं तेव्हा पुढचं डॉवेल कव्हरच्याच बाजूला राहिलं होतं, बाहेरून तपकिरी, खडबडीत.

२२ फेब्रुवारी, रविवार

आत बघितलं. क्लचच्या प्लेट्स फुगलेल्या, त्या जाणारच होत्या. बाकी गंज वरवरचा. खरी भेट ऑइलच्या जाळीत. लाल सिलिकॉनचे तुकडे, शेवयांसारखे, जाळीचा अर्धा भाग बंद. बाहेर जेवढं सिलिकॉन दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, आणि ते तुटून ऑइलबरोबर फिरतं. गॅस्केट असलेल्या कव्हरला वरून सिलिकॉन थापणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते वहीत लिहिण्याजोगं नाही.

डॉवेल: आतून जेमतेम बसेल असा ड्रिलचा गुळगुळीत दांडा नळीत घातला, म्हणजे पक्कडीने नळी चेपत नाही, आणि पिळून काढली.

तुटलेला स्क्रू केसच्या पृष्ठाशी सपाट. तुटका स्क्रू काढायचा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मामांनी हातातून काढून घेतला. "हा आत तुटला तर ड्रिलही चालणार नाही त्याच्यावर." खरं आहे, ते कडक पोलाद असतं आणि त्याला अडकवलेल्यांची रांग मोठी आहे. त्याऐवजी वेल्डिंग. आधी इग्निशनचा बॉक्स आणि बॅटरीच्या वायरी सोडवल्या, क्लचची बाजू ओल्या फडक्याने झाकली. तुटक्या दांड्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड भरला. पोलादाचा वेल्ड अॅल्युमिनियमला धरत नाही, म्हणून केस सुरक्षित राहते. शिवाय स्क्रू आतून लालभडक तापतो, वाढतो, आणि थंड होताना आकसून भुकटीचा धर सोडतो. पहिला नट पिळताना सुटून आला. दुसऱ्या नटाला, लाली जाईपर्यंत थांबून, मुळाशी मेणबत्तीचं मेण लावलं. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. पाना लावला, आणि स्क्रू नटासकट फिरला. मामांनी तो खिशात टाकला. कशाला, विचारलं नाही.

आटे गेलेल्या नवव्या भोकाला हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग. त्याच्या किटमधलंच ड्रिल आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार). ६ मिमीचा साधा टॅप चालत नाही, तो व्यासाने लहान असतो. टॅप अर्धा वळसा पुढे, पाव मागे, रॉकेलचा थेंब. तार पृष्ठाच्या एक आटा खाली बसवली, शेपूट तोडली आणि ती चिमट्याने बाहेर काढली. शेपूट आत राहिली तर डाव्या बाजूच्या वायसरची गोष्ट पुन्हा.

१ मार्च, रविवार

जुनं गॅस्केट खरवडण्यात सकाळ गेली. प्लास्टिकची खरवडणी, हट्टी जागी ब्लेड अगदी आडवं धरून. ड्रिलला लावायची खरखरीत चकती नाही वापरली. त्यातून उडणारी खर बारीक असते आणि थेट बेअरिंगमध्ये जाते. खोकेच्या वर आलेल्या कडा तेलदगडाने सपाट केल्या. खड्डा तसाच ठेवला. गॅस्केट दाबलं जाईल तिथे, असं वाटलं.

स्क्रू बदलायचे ठरले होते, पण कशाने? स्टेनलेस स्टीलचे अॅलन बोल्ट दिसायला देखणे, मात्र ओलाव्यात अॅल्युमिनियमशी त्यांची जोडी साध्या झिंक चढवलेल्या बोल्टपेक्षा वाईट. शिवाय अॅलन चावीने गरजेपेक्षा जास्त पिळण्याचा मोह होतो. झिंकचे, ८ मिमी डोक्याचे फ्लँज बोल्ट घेतले. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट), अगदी पुसटसं. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर; अँटी-सीझमुळे घर्षण कमी होतं म्हणून मी ८ वर थांबलो. मधून सुरुवात, समोरासमोर, तीन फेऱ्यांत. डॉवेलना ग्रीसचा हात. ब्रेक पेडलमागचा खळगाही ग्रीसने भरला. पुठ्ठ्यावर अकरावं भोक पाडलं.

४ मार्च, बुधवार

ऑइल भरलं, दोरी ओढली. चौथ्या ओढीला चालू. डावीकडून खरखर नाही. दहा मिनिटं चालवून खाली कोरा पुठ्ठा सरकवला.

रात्री बघितलं: पुठ्ठ्यावर एक रुपयाएवढा डाग. बरोबर खोकेखाली. गॅस्केट दाबलं गेलं नव्हतं.

७ मार्च, शनिवार

ऑइल काढलं, कव्हर पुन्हा उघडलं. घड्याळ लावून: अकरा बोल्ट, हलके दोन ठोके, कव्हर हातात. सहा मिनिटं.

खोक अॅसिटोनने धुतली, ब्लेडच्या टोकाने आत थोडी खरडली म्हणजे पकड मिळेल, आणि धातूमिश्रित इपॉक्सी भरली. रात्रभर सुकू दिली. रविवारी तेलदगड केसच्या दोन बाजूंवर टेकवून सरळ घासला, इपॉक्सी आणि अॅल्युमिनियम एका पातळीत येईपर्यंत. नखाला कड लागत नाही. गॅस्केटचा दुसरा संच आधीच मागवून ठेवला होता, तो बसवला.

९ मार्च, सोमवार

पुठ्ठा कोरडा. मामांना फोटो पाठवला. त्यांनी उत्तरात तो तुटका स्क्रू नटासकट तळहातावर ठेवून काढलेला फोटो पाठवला.